तिसऱ्या रांगेतलं हसू

गादीवाल्याचं हसू ज्यानं ऐकलं नाही, त्याला ते सांगून कळायचं नाही. आधी नुसता खांदा हलायचा. मग नाकातून शिट्टीसारखं काहीतरी निघायचं. वाटायचं, चला, संपलं. आणि मग पोटातून असा गडगडाट उठायचा की शेजारच्याच्या हातातला चहा सांडावा! दिवसभर कापूस पिंजून नाकातोंडात तंतू गेलेले, त्यामुळे वर खोकल्याची जोड. बायको म्हणायची, "हे हसणं कसलं, ही तर उशी फाटली!" आणि म्हणता म्हणता तीच पदर तोंडाला लावायची. खरी गोम तिथंच होती. ते हसू साथीच्या तापासारखं होतं, एकाला झालं की घरभर पसरायचं.

त्याचा शोध कसा लागला, तीही गंमतच. नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या बसून बसून पाट झाल्या होत्या, म्हणून याला बोलावलेलं. हा आपला दोन रांगांच्या मधे उताणा पडून, ओठांत खिळे धरून, खुर्चीच्या पोटात कापूस कोंबतोय आणि वर हौशी मंडळींची तालीम चाललीय. नाटक विनोदी होतं म्हणे, पण नटांना ते कुणी सांगितलं नसावं. तेवढ्यात एक नट गडबडीत दाराऐवजी खिडकीतूनच आत आला, आणि खुर्च्यांखालून गडगडाट झाला.

"कोण आहे रे तिकडे?" दिग्दर्शक ओरडले.

"मी, गादीवाला. माफ करा साहेब, खिळा गिळता गिळता वाचलो."

झालं! सगळी तालीम पोट धरून खाली बसली. दिग्दर्शक म्हणजे दिवसा दातांचे डॉक्टर. ते खाली उतरून म्हणाले, "गादीवाले, माझ्या दवाखान्यात लोक तोंड उघडतात ते रडायला. तुम्ही प्रयोगाला या. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तुमची."

तेव्हापासून प्रत्येक विनोदी नाटकाला डॉक्टर स्वतः दुकानात येऊन आमंत्रण द्यायचे. हा त्या दिवशी दाढी करायचा, इस्त्रीचा सदरा घालायचा. कुणी विचारलं तर ऐटीत सांगायचा, "मी नाटकात असतो."

"कोणती भूमिका?"

"प्रेक्षकाची."

आणि खोटं नव्हतं ते. तो हसला की मागच्या रांगा हसायच्या, मागच्या हसल्या की वरचा सज्जा. तिकीट काढताना लोक विचारायचे, "गादीवाला येणार आहे ना?"

त्याच्याच शब्दावर त्याची धाकटी बहीण डॉक्टरांच्या नाटक मंडळात गेली. ती पाणीपट्टी भरायच्या खिडकीत कामाला होती. काचेखालच्या फटीतून लोकांना तिचे हातच काय ते दिसायचे. मंडळातही तेच. ट्रे घेऊन यायचं, "बाईसाहेब, चहा" म्हणायचं आणि जायचं. पण ट्रे ती असा आणायची, की कपात खराच चहा आहे असं वाटावं. हे गादीवाल्यानं कधी बोलून दाखवलं नाही. भावांना कुठं सुचतं?

मग त्या साली डॉक्टरांनी गंभीर नाटक घेतलं. मोठ्या भूमिका करणाऱ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला निघून गेल्या, आणि त्यांच्या जागी तालमीपुरती उभी राहिलेली धाकटी कायमचीच उभी राहिली. भूमिका एका आईची. मुलगा घर सोडून गेलाय, आणि ही रोज संध्याकाळी त्याचंही ताट मांडते.

प्रयोग दोनच, शनिवार आणि रविवार. त्याआधी एका दुपारी ती दुकानात आली. कापसाच्या ढिगावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"दादा, एक मागते. नाही म्हणू नकोस."

"माग की! उशा हव्यात का?"

"तू येऊ नकोस प्रयोगाला."

त्याच्या हातातली सुई तशीच राहिली.

"अगं, पण हसायचं नाटक नाही ते. मी कशाला हसेन?"

"तुझं मलाही ठाऊक नाही आणि तुलाही नाही. पहिल्यांदा मला बोलायला मिळतंय, दादा. तू समोर दिसलास की माझी बोबडी वळेल."

"बरं बाई. नाही येत. शब्द दिला."

शब्द दिला खरा, पण शनिवार उजाडला आणि याचा जीव थाऱ्यावर राहीना. बायको आपली नटूनथटून नणंदेच्या नाटकाला निघाली. हा तिला म्हणाला, "मला एक गादी पोचवायचीय." ती वळली तशी यानं सदरा चढवला, तिकीट काढलं आणि सज्ज्यात, अगदी शेवटच्या रांगेत, खांबाआड जाऊन बसला. मनाची समजूत घातली, की तिला दिसलो नाही म्हणजे आलोच नाही.

पडदा उघडला. धाकटी आली, आणि गादीवाल्याला क्षणभर ओळखूच आली नाही. पाठ वाकलेली, पाय ओढत चालणं, आवाजही कुणा दुसरीचाच. माणसं पुढं सरकून बसली होती. मग तो प्रवेश आला. मुलाचं पत्र आलंय, तो येणार नाही. आई नेहमीसारखी दोन ताटं मांडते. मग दुसरं ताट उचलते, हातानं पुसते, आणि कुठं ठेवावं ते न सुचून नुसती धरून उभी राहते. शब्द एक नाही. सभागृहात कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

आणि गादीवाल्याच्या पोटात काहीतरी उठलं. ही आपली धाकटी! ट्रेवाली! आनंदानं त्याला आतून असं ढवळून काढलं, की कुणाला तरी मिठी मारावी, ओरडावं, काय करावं! पण आनंद झाला तर बाहेर काढायची त्याच्याकडं एकच वाट होती. खांदा हलला. त्यानं तोंडात मूठ कोंबली. नाकातून शिट्टी गेली.

मग तो गडगडाट झाला.

लोकांचा काय दोष? त्यांच्या कानांना ती खूण पक्की ठाऊक. आधी सज्जा हसला, मग खालच्या रांगा. "गादीवाला आलाय वाटतं!" कुणीतरी म्हणालं, आणि हशाला आणखी ऊत आला. धाकटी ताट धरून उभी होती. तिनं मान वर करून सज्ज्याकडं पाहिलं नाही, एवढंच. ताट ठेवलं, पुढचं वाक्य म्हटलं. पण आता लोक सैलावले होते. ती रडली तरी कुठंतरी खुसखुस व्हायची.

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात. पण सज्ज्यात धरणीही नसते! गादीवाला ओणवा होऊन रांगेतून निघाला, आणि खाली आपल्या बायकोची मान ताठ झालेली त्याला दिसली. घरी पानात वाढताना तिनं चमचा जोरात आपटला.

सकाळी तो धाकटीच्या दारात गेला. ती नाटकातल्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही.

"शब्द दिला होतास तू."

"हो." त्याला चप्पल काढावी की नाही तेही कळेना. "तसा नव्हतो गं हसलो. तू इतकं चांगलं केलंस, की..."

"म्हणून लोकांना हसवलंस?"

"मी कुठं हसवलं? तेच हसले."

"तूच शिकवून ठेवलंयस त्यांना," ती शांतपणे म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

"आज नाही येणार."

"कालही नव्हतास येणार."

माणूस रागावलं तर समजूत काढता येते. खरं बोललं तर कुणाची काढणार?

संध्याकाळी तो नाट्यगृहाच्या दाराशी गेला आणि दारवानाला म्हणाला, "एक उपकार कर. मला आत सोडू नकोस."

"मग आलात कशाला?"

"तेच तर. पाय आणतात. तू मात्र सोडू नकोस. पाया पडलो तरी नाही."

दारवानानं वेड्याकडं बघावं तसं बघितलं आणि दार लावून घेतलं. गादीवाला बाहेर जिन्याच्या पायरीवर बसला. दारातून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज यायचा. मग आवाज थांबला. त्यानं ओळखलं, ताट आलं. आतली शांतता वाढतच गेली. कुणीतरी नाक शिंकरलं. मग एक बाई हुंदका आवरता आवरता हरली.

आणि याच्या पोटात पुन्हा तेच! दोन्ही हात तोंडावर दाबून तो जिना उतरला, रस्ता ओलांडला, उभ्या असलेल्या मालट्रकमागं गेला आणि तिथं हसला. डोळ्यांतून पाणी गळेस्तोवर हसला. जाणारे येणारे लांबून वळसा घालून गेले.

खेळ सुटल्यावर धाकटी बाहेर आली. लोक तिचा हात हातात घेत होते. तिला तो दिसला.

"आत होतास?"

"नाही. जिन्यावर. मग तिथंही जमेना, म्हणून पलीकडं."

तिनं कपड्यांची पिशवी पुढं केली. "धर."

त्यानं ती धरली आणि तिच्या एक पाऊल मागून चालू लागला. बरोबरीनं चालायची छाती होईना. कोपऱ्यावर एकानं त्याच्या पाठीत थाप मारली.

"काय गादीवाले! काल काय धमाल उडवलीत! आज कुठं होतात?"

गादीवाल्यानं मान खाली घातली.

"काल माझं चुकलं," तो म्हणाला. "ते हसायचं नाटक नव्हतं. ही माझी बहीण. हिनं काल फार चांगलं काम केलं होतं, ते मी नासवलं."

त्या माणसाला वाटलं, हाही विनोदच. तो टाळी द्यायला हात पुढं करून खो खो हसत सुटला. गादीवाला तसाच उभा राहिला, पिशवी छातीशी धरून, कानापर्यंत लाल होऊन. शेवटी त्या माणसाचंच हसू विरलं. "बरं, येतो," असं काहीतरी पुटपुटत तो गेला.

धाकटी थांबली होती. तो बरोबरीला येईपर्यंत तिनं पुढचं पाऊल टाकलं नाही.