पार्बता मावशी माणसाची चाल बघायची

पार्बता मावशीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोरच्याचे नाकडोळे तिला दिसत नसत. दिसे ती नुसती हलणारी सावली. तेवढ्यावर तिचं सगळं भागायचं. वलगावच्या मळ्यात बाजेवर बसल्या बसल्या ती सांगायची, "माणिकबाई येऊन राहिली. भांडाले येते." आणि माणिकबाई खरंच पदर खोचून आलेली असायची. मध्यप्रांत सरकारचा डोळ्यांचा डॉक्टर अमरावतीला आला, तेव्हा आम्ही तिला किती विनवलं! "कायले? मले दिसते," म्हणाली. अशी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तिच्याइतका जीव मी दुसऱ्या कुणाला लावला नाही.

"तोंड लबाड असते, पाय नसते," हे तिचं ठरलेलं. तसं ते आपल्या सगळ्यांनाच कळतं. लांबून येणारा माणूस चिडलाय की दमलाय, हे त्याचा चेहरा दिसण्याआधी आपल्या डोक्यात पक्कं झालेलं असतं. मावशीकडे तेवढंच उरलं होतं, म्हणून ती त्यात तरबेज झाली होती. कधी फसायचीही. एकदा दोरीवर वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने हलत होतं, त्याला ही म्हणते, "लाजून काहून राहिला? ये ना बाबू." आम्ही हसून हसून लोळलो. मावशी संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोलली नाही.

जयवंता तिची एकुलती एक लेक. बघायच्या कार्यक्रमात मुलीला चालून दाखवायला लावतात. मावशीने उलटंच मांडलं. मळ्याच्या पार टोकाला बाज टाकली, म्हणजे मुलाला वांग्यांच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यांमधून चालत यावं लागणार. भातकुलीचा सहदेव त्याच्या पुंजारामकाकाबरोबर बैलगाडीने आला. मावशी त्याच्याकडे टक लावून बसली, आणि तो निम्म्यावर यायच्या आत तिच्या कपाळाला आठी पडली.

चहा झाला, सुपारी झाली. मग मावशीने पुंजारामला हात जोडले. "भाऊ, पोराच्या मनात नाही. वढत आनल्यावानी चालते. अशा घरी मी लेक नाही देत."

पुंजाराम तडक उठला. सहदेवने तोंड उघडलं, पण वडील माणसांपुढे बोलायची सोय कुठे? तो खाली मान घालून काकामागे गाडीकडे गेला.

 जयवंता घागर उचलून विहिरीकडे निघाली. मावशी तिच्या दिशेने बघत राहिली.

"जयवंते, घागर भरली का?"

"नाही माय. आता तं चालली भराले."

"मंग भरल्यावानी काहून चालून राहिली?"

जयवंता थांबली. पाठमोरीच म्हणाली, "त्यानं काकाचे बूट घातले होते, माय. त्याच्या टाचा सोलल्या. चहा देतानी पायलं मी. मनात नाही असं नव्हतं त्याच्या."

मावशीचं तोंड एवढंसं झालं. मला तिची फार दया आली. ती उठली. मी पुढे केलेला हात झिडकारून, सांभार तुडवत गाडीपाशी पोचली. बैल जुंपून झाले होते.

"पोरा, बूट काढ. अन् विहिरीपर्यंत चालून दाखव."

पुंजाराम भडकला. "माहा पुतन्या काय बैल हाय, चालवून पाहाले?"

"आमच्या पोरी चालवून पाहता, तवा?"

पुंजारामने हातातला कासरा खाली ठेवला.  सहदेवने बूट काढून गाडीत टाकले आणि अनवाणी निघाला.

तो चार पावलं गेला असेल नसेल, मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. तिचे ते अधू डोळे भरून आले होते. "बस, बस. दिसलं मले. थांबव त्याले."

मी हाक मारली. पण तो थांबला नाही. विहिरीपाशी जाऊन जयवंताच्या हातातली घागर घेतली, तेव्हा कुठे थांबला.