तुऱ्यावर गेलेली बाग

फूल या वस्तूशी जन्मभर उभा दावा मांडून बसलेला माणूस तुम्हाला पाहायचा असेल, तर इंदापूर तालुक्यात कळंबला या, मी तुम्हाला आमचे व्याही दाखवतो. माझी लेक त्यांच्या घरी दिली आहे. मुलीच्या सासऱ्याबद्दल चार शब्द जपूनच बोलावेत हे मला कळतं. पण ते स्वतः कुणाबद्दल जपून बोलत नाहीत, तेव्हा फिट्टंफाट. अख्खं गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही म्हणतो. वय सत्तरीला टेकलेलं, अंगकाठी सरळसोट, डोक्यावर कडक टोपी, आणि आवाज असा की ते घरात बोलले तर फाट्यावरच्या माणसाने ओ द्यावी. दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय ते सोडत नाहीत, गाईला ताप आला तर गोठ्यातच खाट टाकतात. फूल दिसलं की मात्र या देवमाणसाच्या कपाळाला जी आठी पडते, ती मी वालचंदनगरच्या कारखान्यात नकाशे काढण्यात बत्तीस वर्षं घालवली त्या काळात कुठल्या साहेबाच्याही कपाळावर पाहिली नाही.

यात दोष त्यांचा किती आणि उसाचा किती, हे ठरवणं कठीण आहे. आपण 'शिरपेचात मानाचा तुरा' म्हणतो तेव्हा आपल्याला काहीतरी थोर वाटत असतं. ऊसवाल्याला विचारा. तुरा म्हणजे उसाचं फूल. थंडीत उसाच्या शेंड्यावर तो पांढरा झुबका डोलायला लागला की शहरातली माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात, आणि बांधावर उभा असलेला मालक मनातल्या मनात त्यांचा उद्धार करतो. कारण तुरा आला की उसाची वाढ खुंटली, आतून तो पोकळ पडायला लागला, वजन घटलं. तात्यांनी पन्नास वर्षं ऊस केला. त्यांच्या लेखी फूल म्हणजे शोभा नव्हे, फूल म्हणजे उशीर. मेथी फुलली, गेली. कोथिंबीर फुलली, गेली. कांद्याला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आला की तो मोडून टाकायचा, तरच खाली कांदा पोसतो. "फूल आलं म्हंजी माल गेला, पावणं," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता मीही मंडईत फुललेली मेथी पाहून हळहळतो. डाळिंबाच्या फुलाला तेवढी त्यांच्याकडे माफी आहे, पण त्याला ते फूल म्हणतच नाहीत. 'कळी' म्हणतात आणि ती किती गळाली याचीच चौकशी करतात.

आमच्या मुलांच्या लग्नात एका हौशी वक्त्याने आशीर्वादपर भाषणात, "या मुलाच्या रूपाने घराण्याच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला आहे," असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. तात्या मात्र माझ्याकडे झुकून काळजीच्या सुरात म्हणाले, "पावणं, हे काय बोलाय लागल्यात? पोराला तुरा आला म्हंत्यात. आजून लोणी देवकरच्या कंपनीतली नोकरी पर्मनंट न्हाय झाली त्याची!" थोड्या वेळाने ते स्टेज सजवणाऱ्याला गाठून विचारत होते, "एवढी फुलं लावलीसा, ह्याच्या मागं फळ काय धरतं?" तो म्हणाला, "काही नाही, नुसती शोभेची असतात." तात्यांनी एक फूल बोटाने उलटून पाहिलं. "मग ह्याला पाणी कशाला घालत्यात?" तो बिचारा शिडी उचलून स्टेजच्या दुसऱ्या टोकाला गेला. खरं सांगायचं तर मीही तिथून काढता पाय घेतला, आणि मी तर कॉलनीतल्या क्वार्टरपुढे जन्मभर फुलझाडंच लावत आलेला माणूस.

पण यावरून तात्या रुक्ष आहेत असा समज करून घेऊ नका. निवृत्तीनंतर आम्ही बारामतीत राहायला आलो, आणि माझी बायको पाय मोडून आठ दिवस दवाखान्यात होती तेव्हा आठही दिवस हा माणूस पहिल्या एसटीने येऊन वॉर्डाबाहेर बसत असे, पायाशी डाळिंबांची पिशवी घेऊन. दोन वर्षांपूर्वी विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात दिवसातून सहा वेळा औषध घालायचं होतं, आणि तात्यांनी ते काम कुणाला करू दिलं नाही. मोबाईलमध्ये गजर लावून ते ऊस सोडून घरी धावत. दोन थेंब डोळ्यात, चार गालावर. "हालू नगंस की," म्हणून ओरडायचे, आणि हलायचे स्वतःच. तेव्हापासून आपल्या बायकोला नीटसं दिसत नाही, अशी त्यांची पक्की समजूत झाली. तिला तर सुईत दोरा ओवता येत होता.

गंमत म्हणजे या बाईंना फुलांचं वेड. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी बांधावर मोगरा लावला, तिथून ठिबकची नळी गेली. विहिरीशी शेवंती लावली, तिथे मोटारीची खोली आली. दाराशी पत्र्याच्या डब्यात सदाफुली लावली, ती शेळीने खाल्ली. शेळी तिथे कुणी बांधली हे विचारलं की तात्या विषय बदलतात. बाईंनी कधी भांडण काढलं नाही. मला एकदा म्हणाल्या, "त्यांचं मन वाईट न्हाय, भाऊ. त्यांना फूल दिसतच न्हाय. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात हाय म्हंत्यात!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मला ते हसू काही सहन झालं नाही. पुढच्या खेपेला मी माझ्याकडचा डेलियाचा एक कंद कुंडीसकट त्यांना नेऊन दिला.

त्या डेलियाला त्यांनी जे जपलं त्याला तोड नाही. माघ संपताना बारामतीच्या बागेत फुलांचं प्रदर्शन भरतं, त्यात 'कुंडीतील एकच मोठे फूल' असा एक विभाग असतो. त्यासाठी झाडावरच्या बाकीच्या सगळ्या कळ्या खुडायच्या आणि एकच राखायची, म्हणजे सगळा जोर त्या एका फुलात उतरतो. मी फॉर्म आणून भरून दिला. नावाच्या रकान्यात मी लिहायला लागलो तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं. "माझं नाव लिव्हणार? ह्यांचं न्हाय?" मी म्हणालो, "झाड तुमचं, नाव तुमचं. कुंडीपुढे कार्डावर छापून लावतात." मतदारयादी सोडली तर त्यांचं नाव आजवर कुठे छापलं गेलं नव्हतं. पुढचा महिनाभर त्या रोज सकाळी अंगणात बसून एकेक कळी खुडत होत्या, आणि खाटेवर चहा पिणारे तात्या ते कौतुकाने पाहत होते. कौतुक का, हे आम्हाला तेव्हा कळायला हवं होतं. राखलेली कळी उमलली तशी तिला ऊन लागू नये म्हणून बाई ती दिवसभर फडक्याखाली झाकून ठेवत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच मी कळंबला मुक्कामाला गेलो होतो. सकाळी तात्यांनी जीप सांगितली आणि ओल्या फडक्याने झाकलेली ती कुंडी कळंबपासून बारामतीपर्यंत स्वतःच्या मांडीवर आणली. खड्डा आला की ड्रायव्हरच्या सात पिढ्या उजेडात येत. बागेत पोचलो, कुंडी टेबलावर ठेवली, विहीणबाईंनी फडकं काढलं, आणि मी नुसता बघत राहिलो. असं फूल मला बत्तीस वर्षांत साधलं नव्हतं. कुंडीपुढे कार्ड लागलं. बाईंनी त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि लगेच कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. तात्या त्या वेळी जवळ नव्हते. ते बाग फिरत होते, आणि प्रत्येक टेबलाशी थांबून लोकांचं सांत्वन करत होते. गुलाबांच्या कुंड्यांमागे बसलेल्या एका बाईंना त्यांनी हळूच विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, "यळंवर माणूस न्हाय मिळालं का खुडाय?" मला वाटलं, नेहमीची चेष्टा. ते परत आले तेव्हा भलतेच खुशीत होते. "पावणं, सगळी बाग तुऱ्यावर गेलीया," ते म्हणाले. "आपलाच नंबर येतोय."

परीक्षक अकराला येणार होते. वहीत सही करायला विहीणबाईंना बोलावणं आलं, मी त्यांच्याबरोबर गेलो आणि राखणीला तात्यांना ठेवलं. ही चूक सर्वस्वी माझी. आम्ही दहा मिनिटांत परतलो. टेबलावर कुंडी होती, पानं होती, काठी होती, कार्ड होतं. फूल नव्हतं.

"तुझ्या नजरंतनं एक ऱ्हायलं हुतं," तात्या आनंदाने म्हणाले. "बरं मी बघितलं. परीक्षक यायच्या आत काढलं."

बाईंनी बोडक्या दांड्याला हात लावून पाहिला. मी कसंबसं विचारलं, "तात्या, फूल कुठंय?"

"वाया न्हाय घालवलं. उसाचं पाचट कुजवतो तसं बारीक करून बुडात घातलंय. खत हुईल." त्यांनी कुंडीतली माती बोटाने उकरून दाखवली. "कंदाचं झाड हाय, मला काय कळत न्हाय व्हय? महिनाभर बघतोय, ही एक-एक कळी खुडतीया, कंद पोसाय लागलीया. आता उपटून वजनाला लावतील तवा बघा!"

त्यांच्या आयुष्यातली सगळी प्रदर्शनं शेतीची. सगळ्यात लांब ऊस, सगळ्यात जड सुरण. हे प्रदर्शन फुलांचं आहे, बक्षीस फुलाला आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले. मग त्यांनी आजूबाजूची टेबलं पाहिली, माणसं पाहिली, माणसं कशाकडे बघतायत ते पाहिलं. शेवटी बायकोकडे पाहिलं. त्या कार्डाकडे बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय प्रथमच पाहत होतो. कपाळाच्या वरचा भाग इतका गोरा आणि म्हातारा असेल असं मला वाटलं नव्हतं.

परीक्षक आले. त्यांच्यातल्या बाई चांगल्या होत्या, पण नियम नियमच होता. फूल नाही तर नोंद नाही. त्यांच्या सोबतच्या माणसाने कार्ड उचलायला हात पुढे केला, तेव्हा तात्यांनी कार्डावर आपला हात ठेवला. एरवी फाट्यापर्यंत जाणारा आवाज पार बसला होता.

"नंबर नगा दिऊ," ते म्हणाले. "पर कार्ड ऱ्हाऊ द्या. चूक माझी हाय. नाव तिचं हाय."

परीक्षक बाईंनी एकदा तात्यांकडे, एकदा विहीणबाईंकडे पाहिलं आणि कार्ड होतं तिथेच राहू दिलं.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. विहीणबाई समोरच्या बाकावर जाऊन बसल्या, मी आणलेला चहा त्यांनी घेतला नाही. आणि तात्या त्या बोडक्या झाडाशेजारी उभे राहिले. येणारा-जाणारा थबकायचा, फुलाविना कुंडी पाहून हसायचा, की तात्या सांगायचे, "हितं फूल हुतं. मी खुडलं. माझ्या मालकिणीनं वाढिवलं हुतं. हे तिचं नाव, वाचा." नाव वाचल्याशिवाय ते कुणाला पुढे जाऊ देईनात. एका पोलिसालाही वाचायला लावलं. फूल केवढं होतं म्हणून कुणी विचारलं की दोन्ही हातांनी दाखवत. बाराला ते बशीएवढं होतं, दोनला ताटाएवढं झालं, आणि चारच्या सुमाराला तात्यांचे दोन्ही हात पुरेनात. लोकांना हसू येत होतं. मलाही येत होतं. उन्हातून बाजूला व्हा म्हटलं तर, "तुमी बसा, पावणं," एवढंच.

ऊन कलताना एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कार्ड वाचलं, आणि विचारलं, "रंग कुठला होता हो?"

स्वतःच्या हाताने तात्यांनी ते फूल खुडलं होतं, कुस्करलं होतं, मातीत कालवलं होतं. आठवायचा त्यांनी खरोखर प्रयत्न केला. डोळे मिटून घेतले, बोटं हुंगून पाहिली. मग बाकाकडे वळून, गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोरासारखे म्हणाले, "अगं, रंग कंचा हुता?"

विहीणबाई बाकावरून उठल्या. कुंडीपाशी आल्या आणि त्या म्हातारीला सांगू लागल्या. "जांभळा, बाई. आपल्या वांग्याचा असतो तसा, पर उजेड आत असल्यागत. आन् परत्येक पाकळीच्या कडंला पांढरी रेघ. सकाळच्याला तर असं वाटायचं की—" आणि त्या सांगत राहिल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ती म्हातारी गेली तरी त्या बोलत होत्या, कारण ऐकणारे एकटे तात्या उरले होते आणि ते टोपी दोन्ही हातांत धरून ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी कुंडीपुढचं कार्ड सरळ केलं.

"लई चांगलं हुतं का गं?" तात्यांनी विचारलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई चांगलं हुतं."

तात्यांनी मान हलवली. बाग बंद व्हायला अजून तासभर होता, आणि फाटकातून एक नवं कुटुंब आत येत होतं. "थांबा जरा," असं म्हणत ते पुढे झाले. "हितं फूल हुतं. जांभळं. कडंला पांढरी रेघ."