दादांना फियॉर्ड दाखवायला नेलं तेव्हा

फियॉर्ड हा शब्द मला दादांनी शिकवला. दादा माझे थोरले भाऊ, आणि गावच्या शाळेत माझे भूगोलाचे मास्तरही. फळ्यावर खडूने दोन उभे कडे काढायचे, मधे निळ्या खडूने पाणी भरायचे आणि म्हणायचे, "हिमनदीने दरी कोरली, मग समुद्र आत शिरला. झाला फियॉर्ड." साताऱ्याकडच्या आमच्या त्या गावात निम्म्या लोकांनी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता, पण फियॉर्ड सगळ्यांना पाठ होता.

निवृत्तीनंतर दादा आणि वहिनी इंग्लंडात लेस्टरला माझ्याकडे आले, तेव्हा मी ठरवलं की त्यांना खराखुरा फियॉर्ड दाखवायचा. आधी नॉर्वेला जायचं होतं. ट्रॅव्हल एजंट म्हणाला, त्यांचा व्हिसा फक्त ब्रिटनचा आहे, नॉर्वेला वेगळा लागेल. जगाच्या सरहद्दी त्यानेच आखल्यासारखा मी त्याच्याशी भांडलो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला जा ना. तिथेही तेच आहे, फक्त त्याला लॉख म्हणतात."

मी दादांना विचारलं. "पाणी खारं असेल तर तेच," ते म्हणाले.

मग एडिंबरा, ग्लासगो आणि शेवटी बोट, अशी छोटीशी सुट्टी ठरली. माझी बायको आमचं बॅगांचं दुकान सांभाळायला मागे राहिली.

मनात दुसरंही काही होतं, ते लिहितोच. मी लेस्टरला आलो आणि बाजारात टेबल मांडून बॅगा विकायला लागलो, तेव्हा दादांनी फोनवर एकच वाक्य म्हटलं होतं: "मास्तराचा भाऊ रस्त्यावर ओरडून धंदा करतो." ते वाक्य मी वर्षानुवर्षं बरोबर बाळगलं. टेबलाचं दुकान झालं, दुकान बेलग्रेव्ह रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात आलं. भारतात निघालेली माणसं माझ्याकडे बॅग घेतात, नाही घेतली तरी विमानासाठी भरलेल्या बॅगेचं वजन करायला येतात. हे सगळं दादांनी एकदा डोळे भरून पाहावं आणि काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना दुकानात नेलं. आदल्या दिवशी काचा पुसून घेतल्या होत्या. दादा दारातून चार पावलं आत आले, मांडून ठेवलेल्या बॅगांच्या उतरंडीला धडकले, दोन बॅगा खाली आल्या. "फार गच्च भरलंयस," ते म्हणाले. मग तिथेच स्टुलावर बसून चहा प्यायले. "बरं आहे. निघू या." वर मांडलेल्या मालाकडे मान उचलून पाहिलंसुद्धा नाही.

तो राग घेऊनच मी स्कॉटलंडला गेलो.

एडिंबऱ्याच्या हॉटेलात आम्हाला मागच्या गल्लीकडची खोली दिली होती. म्हातारी माणसं आहेत, भारतातून आली आहेत, असं सांगत मी काउंटरवरच्या मुलीला सोडलंच नाही, तेव्हा कुठे किल्ल्यासमोरची खोली मिळाली. दादा त्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसले. म्हणाले, "गादी चांगली आहे."

ग्लासगोत हॉटेलवाल्याने मेन्यू हातात दिला, तर त्यांनी तो न उघडताच माझ्याकडे सरकवला. "तूच सांग काय ते." वहिनी रस्त्याने त्यांचं कोपर धरून चालायच्या आणि सारखं "पायरी, पायरी" करायच्या. चहाचा कपसुद्धा त्यांच्या हातात नेऊन ठेवायच्या. या बाईने माझ्या भावाचं तान्हं बाळ करून ठेवलंय, असं मला वाटलं. आणि दादांना माझ्या पैशाचं काहीच बघायचं नाही, असंही.

बोटीवर त्या दिवशी लख्ख ऊन होतं. त्या किनाऱ्यावर असं ऊन नशिबानेच मिळतं, असं बोटीवरचा माणूस सांगत होता. त्याच्याच मागे लागून मी सगळ्यात पुढचा बाक मिळवला. बोट दोन डोंगरांच्या मधे शिरली. कडे सरळ पाण्यात उतरलेले, वरून पांढऱ्या दोऱ्यासारखे धबधबे, खडकावर सील प्राणी पसरलेले. अगदी फळ्यावरचं चित्र. लोक कठड्याला चिकटून कॅमेरे चालवत होते. आणि दादा मांडीवर हात ठेवून, इंजिनाच्या खोलीचं दार होतं तिकडे तोंड करून बसलेले.

माझा तोल गेला. "दादा, एकदा तरी बघा ना! दुकान बघितलं नाहीत, किल्ला बघितला नाहीत. माझं काही बघायचंच नाही असं ठरवून आलात का?"

आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. दादा मात्र शांतपणे म्हणाले, "कुठल्या बाजूला आहे?"

मला कळेना. "काय कुठल्या बाजूला?"

"डोंगर रे. ऊन तोंडावर येतंय, म्हणून मला वाटलं इकडेच असेल." मग म्हणाले, "काचबिंदू आहे. एक डोळा गेलाय. दुसऱ्यातून नळीतून बघावं तेवढंच दिसतं, तेही धुरकट."

माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "लंडनला दाखवू. प्रायव्हेट. मी बोलतो."

"पुण्यात दाखवलंय. नस सुकली की परत येत नाही म्हणाले."

"ते पुण्याचे डॉक्टर."

"डोळा तोच आहे ना," दादा म्हणाले. "इथे कोणाशी भाव करणार आहेस?"

मी वहिनींकडे वळलो. "आणि तुम्ही? एक फोन करता आला नाही?"

"करणार होते," वहिनी म्हणाल्या. "हेच नको म्हणाले. तुम्ही तिथून डॉक्टरांशी फोनवर भांडला असता, भावजी. यांना तेवढं त्राण नव्हतं."

खरं होतं, मी भांडलोच असतो. पण राग गेला नाही, उलट वाढला. गावातल्या सगळ्यांना माहीत असणार, वाण्यालासुद्धा, आणि मला नाही. तो राग आजही आहे. त्या क्षणी मात्र कुणावर काढावा ते समजत नव्हतं. ज्याच्याशी घासाघीस करता येईल असं समोर कुणीच नव्हतं.

"मग आलातच कशाला एवढ्या लांब?" मी विचारलं.

"तू बोलावलंस. आणि आहे तेवढं दिसतंय तोवर यावं म्हटलं." मग त्यांनी विचारलं, "सांग, कसं आहे?"

"डोंगर आहेत. पाणी आहे."

"बॅग विकताना गिऱ्हाइकाला एवढंच सांगतोस? हिला चाकं आहेत, हिला दांडा आहे?"

वहिनी रडता रडता हसल्या. मी पुन्हा प्रयत्न केला. पाण्याचा रंग, कड्यांची उंची. शब्द भलतेच निघत होते. दादांनी हात वर करून मला थांबवलं, वर्गात थांबवायचे तसं.

"राहू दे. फियॉर्ड मला पाठ आहे. तुझं दुकान पाठ नाही. ते सांग."

बोट वळून बंदराकडे निघाली होती, ऊन आता आमच्या पाठीवर आलं होतं.

"अगदी रस्त्यापासून सांग," ते म्हणाले.

"बाहेर पाटी आहे. निळी."

"कसली निळी?"

समोरचं पाणी दाखवायला मी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"आपल्या शाळेच्या दाराची," मी म्हणालो.

"म्हणजे फिकी," दादा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. "हं. पुढे?"