पेटीच्या झाकणावरच्या लहरी

लाकूड ओळखण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, अशी माझी त्या काळात पक्की समजूत होती. विरारच्या फ्लॅटच्या गॅलरीत सुट्टीच्या दिवशी बसून चार-पाच गिटार केल्या होत्या, एवढंच माझं भांडवल. बायको वैतागायची, वाळत घातलेल्या कपड्यांना भुसा लागतो म्हणून. मी तिला शिसव आणि सागातला फरक समजावायला लागलो की ती सरळ गॅस पेटवायला निघून जायची.

विरारजवळच्या निर्मळ गावातला माझा एक मित्र शाळेत शिक्षक होता आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. त्याला माझ्या हातची गिटार हवी होती. त्याच्या घरी बोलायला गेलो आणि माझी नजर खिडकीखालच्या पेटीवर गेली. त्याच्या आईच्या लग्नातली ही कपड्यांची मोठी पेटी. झाकण एकाच रुंद फळीचं, काळपट शिसवीचं. उन्हात बघतो तर या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक लहरी! मान हलवली की त्याही हलत. गिटारच्या पाठीला असं लहरी लाकूड मिळावं म्हणून लोक जीव टाकतात.

मी तर उडालोच. "अरे, हे कुठे मिळत नाही! याचीच पाठ करू."

त्याची म्हातारी आई आतून आली. आधी ती ठाम नाही म्हणाली. मग झाकणाकडे बघत तिने मला विचारलं, "ह्या रेघा कोनी केल्या?"

"कोणी नाही, मावशी. झाडातच असतात. माणसाच्या हाताने होत नाहीत."

"नक्की?"

"पैजेवर सांगतो."

मग खाली बसून तिने पेटीतली लुगडी एकेक बाहेर काढली आणि मुलाला म्हणाली, "दे त्याला. तुझ्या गिटारला लागू दे." मुलगा बिजागरी सोडवत असताना ती माजघरात निघून गेली. मला वाटलं, पटलं बुवा म्हातारीला.

झाकण चादरीत गुंडाळून मी घरी आणलं. ते जाडीतून उभं चिरायचं, दोन पातळ फळ्या पुस्तकासारख्या उघडायच्या आणि शेजारी शेजारी जोडायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना तीच नक्षी येते. सोमवारी वखारीत न्यायचं ठरलं. करवत कुठून जाणार ते आखायला रविवारी दुपारी मी झाकण कडेवर उभं केलं, पेन्सिल टेकवली आणि तिथेच थांबलो.

जाडीतल्या रेषा सरळ होत्या. अगदी पट्टीने मारल्यासारख्या. खरी लहर वरवर नसते, लाकडाचे तंतूच नागमोडी असतात आणि कडेला ते दिसतातच दिसतात. इथे एक रेष हलायला तयार नव्हती.

चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बॅटरी मारून बघितलं. शेवटी पातं घेऊन झाकणाच्या मधोमध तळहाताएवढं पॉलिश खरवडलं. लहरी अजून होत्या. आणखी खरवडलं. भुशाबरोबर त्या निघून गेल्या आणि खाली साधी, सरळ शिसव उरली. मग, एवढं सगळं झाल्यावर, या शहाण्याने पहिल्यांदा बोट फिरवून बघितलं. जिथे खरवडलं नव्हतं तिथे बोटाला चढउतार लागत होते. खऱ्या लहरी डोळ्यांना दिसतात, बोटाला लागत नाहीत. या रंध्याच्या खुणा होत्या. कोणीतरी गोल धारेचा रंधा आडवा फिरवला होता आणि वर पॉलिशचे थर चढले होते. माझ्या अकलेचं दिवाळं निघालं होतं!

तेवढ्यात मित्राचा फोन. "उद्या कापतोयस ना? आई सारखी विचारतेय."

"बघतो," म्हणालो.

खरं सांगतो, गप्प बसायचा विचार मनात आला. सरळ शिसवीची गिटारही छान वाजते. पॉलिश केल्यावर विचारणार कोण? कापलं की लहर गेली, असं ठोकून देता आलं असतं. पण मी पैजेवर सांगितलं म्हणून त्या बाईने भरली पेटी रिकामी केली होती. मला जेवण जाईना. बायकोने ताट बघितलं, झाकण बघितलं. "चूक झाली ना? मग इथे काय बसलात? जाऊन सांगा."

स्कूटरवर झाकण पायाशी उभं धरून निघालो. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

म्हातारी ओट्यावरच होती. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "मावशी, मी चुकलो. या रेघा झाडाच्या नाहीत. रंध्याच्या आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "ह्यांनीच केली ती पेटी, लग्नाआधी, रंधा मागून आनून. वाडीत केळी लावनारा मानूस, त्याला कुठलं सुतारकाम! जन्मभर मी चिडवलं त्यांना, एक फळी सरळ करता आली नाय म्हनून. आनि तू म्हनालास, मानसाच्या हाताने होत नाय. मला रात्रभर झोप नाय. म्हटलं, उगाच बोलले मी त्यांना. ते असते तर माफी मागितली असती."

रेघा त्यांच्या हातच्या नाहीतच असं वाटलं, म्हणून तिने झाकण दिलं होतं. मला तोंड वर करवेना.

तिने चादर बाजूला केली आणि झाकणावरून हात फिरवत आणला. मधोमध, मी खरवडलेल्या जागेवर, तो थांबला.

"इथलं कुठे गेलं?"

"मी काढलं, मावशी. तपासायला."

"परत करता येईल?"

करता आलं असतं. रंधा होता, हातही बसलेला होता. तासाभराचं काम. तिलाही फरक कळला नसता. पण त्या रेघा त्यांच्या नाही, माझ्या हातच्या झाल्या असत्या.

"नाही," मी म्हणालो.