ढाक्याची वेळ
तुरीच्या सालांचा धुळकट वास आला की मला जळगावची ती डाळमिल आठवते. नवा सर्व्हर बसल्यापासून हजेरीच्या मशीनवर सगळेच कामगार अर्धा तास उशिरा दिसत होते आणि कम्प्युटर खोटं बोलत नाही, हे त्यांना ठणकावून सांगायला मॅनेजरने मला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा एक हमाल मनगट पुढे करून स्वतःचं घड्याळ दाखवत होता. मॅनेजरने त्याच्या थोबाडीत हाणली, घड्याळ हिसकून फरशीवर टाकलं आणि बुटाच्या टाचेने चिरडलं. माझं डोकंच सणकलं. सर्व्हरसमोर बसून पाहतो तर बसवणाऱ्या गाढवाने भारताऐवजी ढाक्याची वेळ निवडलेली, आपल्याहून अर्धा तास पुढची! तसं सगळ्यांदेखत मोठ्याने सांगून मी ती दुरुस्त केली. ओठावरचं रक्त पुसत हमालाने अहिराणीत विचारलं, आता वेळ बरोबर आहे ना म्हणून, "आते बराबर शे का, भाऊ?" मी म्हणालो, "शंभर टक्के." त्यावर त्याने मॅनेजरची मानगूट धरून तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. मॅनेजरचा एक दात उडून फुटलेल्या घड्याळाशेजारी पडला. मग हमाल आपलं कार्ड मशीनमध्ये घालून शांतपणे कामाला गेला. आजही कुणी सर्व्हरची वेळ लावायला बोलावलं की मी आधी विचारतो, या घड्याळावरून कुणावर हात उचललात का?