रोलर ओढणाऱ्याचे तीन बॉल

गेल्या वर्षी माझी मुलगी नववीत होती. इथे व्हर्जिनियात शाळांची इतिहासाची एक स्पर्धा असते. मुलं एखादा विषय निवडतात, काही महिने त्यावर वाचतात, आणि मग कुणी तक्ते लावतं, कुणी छोटी फिल्म करतं, कुणी परीक्षकांसमोर एकट्याने दहा मिनिटांचा प्रयोग सादर करतं. त्या वर्षीचं सूत्र होतं चढाओढ. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी अमेरिका आणि रशियाची चंद्रावर जायची शर्यत घेतली. हिला ती नको होती. जे दुसरं कुणी घेणार नाही असं काहीतरी हवं होतं.

ते तिच्या बाबांनी दिलं. माझा नवरा पुण्याचा. हर्नडनमधल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो आणि घरी आल्यावर क्रिकेट सांभाळतो. एका संध्याकाळी जेवताना त्याने तिला ती जुनी मालिका सांगितली. दोन महायुद्धांच्या मधला काळ. ऑस्ट्रेलियाकडे असा एक फलंदाज होता, की त्याला बाद कसं करायचं हे इंग्लंडमध्ये कुणालाच कळत नव्हतं. मग इंग्लंडच्या कप्तानाने युक्ती काढली. फास्ट बोलरांनी स्टंपवर नाही, अंगावर टाकायचं, आणि लेग साइडला फिल्डर दाटीने उभे करायचे. तेव्हा हेल्मेट नव्हती. एकाला छातीवर लागला, एकाला डोक्यावर. दोन देशांच्या बोर्डांमध्ये कडक तारा गेल्या. मालिका इंग्लंडने जिंकली आणि खेळाचा चेहरा मात्र काळवंडला. नवऱ्याने हे सगळं वरणाची वाटी, लोणच्याची बाटली आणि सहा चमचे मांडून दाखवलं. मुलगी जेवायची थांबली होती.

तिच्या इतिहासाच्या शिक्षिका पन्नाशीच्या, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्या. त्यांना शंका होती. परीक्षक अमेरिकन, क्रिकेट कुणी बघितलेलं नाही, दहा मिनिटांतली आठ नियम सांगण्यातच जातील. त्या म्हणाल्या, मला दोन मिनिटांत समजावून दाखव, मग परवानगी देते. मुलीने वर्गातल्या मुलांचे बूट काढून घेतले, ते लेग साइडच्या फिल्डरांसारखे मांडले, बाईंना हातात छत्री घेऊन मधे उभं केलं आणि टेनिस बॉल त्यांच्या बरगडीकडे टाकला. बाईंनी तो छत्रीने अडवला. बॉल थेट एका बुटात जाऊन पडला. परवानगी मिळाली.

शाळेतल्या फेरीत ती दुसरी आली. पहिल्या दोघांना जिल्ह्यात पाठवतात, म्हणजे पुढे गेली. पण परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं: सगळं स्पष्ट कळलं, पण ही गोष्ट तूच का सांगते आहेस ते कळलं नाही. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या भांडणाशी तुझा काय संबंध?

ती चिडून घरी आली. मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. तिने तो कागद माझ्यासमोर धरला आणि इंग्रजीत म्हणाली, चंद्राशी कुणाचा संबंध आहे, ते त्या मुलांना का नाही विचारत? मला हसू आलं. मग घडी घालता घालता मी सहज बोलून गेले, की संबंध अगदीच नाही असं नाही, तुझ्या पणजोबांनी इंग्लंडच्या खेळाडूंना बोलिंग टाकली होती म्हणे, एकदा.

हे तू मला कधीच का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं.

खरं उत्तर असं होतं. आम्ही नागपूरचे बौद्ध. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा माझे वडील पंधरा वर्षांचे होते, आजोबांचं बोट धरून नाही तर त्यांच्या पुढे चालत गेले होते, असं ते अभिमानाने सांगतात. त्याआधी आमच्या लोकांना काय म्हणत, कुठे उभं करत, हे मी मुलीला सांगितलं होतं, पण पुस्तकातल्या इतिहासासारखं. आपल्या घरात हे कुणाच्या अंगावर पडलं ते कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, पोरगी इथे जन्मली, तिच्या पाठीवर हे ओझं कशाला. इथल्या मराठी कार्यक्रमांत कुणी आडनाव विचारून थोडं थांबलं, की मी विषय बदलते. तेही तिला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. उरलेल्या कपड्यांच्या तिने घड्या घातल्या, बऱ्याचशा वाकड्यातिकड्या, आणि विचारलं, आजोबांशी बोलता येईल का.

माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, पोस्टातून निवृत्त. शनिवारी आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. फोनवर व्हिडिओ लावला. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मुलगी इंग्रजीत विचारायची, मी मराठीत सांगायची, ते मराठीत बोलायचे, मी इंग्रजी करायची. दोन प्रश्न झाल्यावर वडील मला म्हणाले, तू मधे नको पडू बेटा, माझी इंग्रजी तुझ्या जन्माच्या आधीची आहे. त्यानंतर ते तिच्याशी सरळ बोलले, सावकाश, पोस्टातल्या पत्रांसारख्या इंग्रजीत.

त्यांनी सांगितलं ते असं. माझे आजोबा तरुणपणी एका जिमखान्याच्या मैदानावर रोलर ओढायचे. पहाटे कुणी नसताना ते एकच स्टंप रोवून डाव्या हाताने स्पिन टाकत बसायचे. कुणी शिकवलं नव्हतं, बघून शिकले. इंग्लंडचा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा नागपूरलाही सामना होता. आदल्या दिवशी पाहुणे नेटमध्ये सराव करत होते. ऊन वर चढलं, बोलिंग टाकणारी क्लबची मंडळी दमून सावलीला गेली, आणि एका गोऱ्या फलंदाजाची हौस काही फिटेना. सेक्रेटरीने इकडे तिकडे बघितलं आणि रोलरजवळ बसलेल्या आजोबांना हाक मारली.

आजोबांनी तीन बॉल टाकले. तिन्ही वेळा साहेब फसला. चौथा टाकायच्या आधी तो साहेब नेटमधून बाहेर आला, हसला, आणि त्याने ह्यांचं नाव विचारलं. आजोबांनी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी म्हणाला, हा रोलर ओढणारा आहे. साहेबाने मान हलवली. दुसरा बोलर सावलीतून उठून आला. आजोबा परत रोलरकडे गेले.

मुलीने विचारलं, मग त्यांनी पाणी प्यायलं का, ऊन होतं ना. हा प्रश्न तिला का सुचला मला माहीत नाही. वडील इंग्रजी सोडून मराठीत म्हणाले, "प्याले ना. वरून ओतलं, ओंजळीत. आमच्या हातचा बॉल चालत होता बाई, हात लागलेला पेला चालत नव्हता."

हे मी तिला इंग्रजीत सांगायला गेले, तर तिने हाताने मला थांबवलं. तिला कळलं होतं.

त्या रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सगळं सांगितलं. आजोबांची गोष्ट त्याला लग्नाआधीपासून माहीत होती, पण घरगुती आठवण म्हणून. दौरा कोणता, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. आता मुलीने विचारलं. आजोबांचं वय, वडिलांना आठवणाऱ्या खुणा, असं सगळं जुळवत नवरा एकदम घास हातात धरून थांबला. ऑस्ट्रेलियात अंगावर बॉल टाकायला लावणारा तो कप्तान, तोच पुढच्या हिवाळ्यात संघ घेऊन हिंदुस्थानात आला होता. म्हणजे मुलगी ज्या माणसाची गोष्ट तीन महिने बूट मांडून सांगत होती, त्याचाच संघ नागपूरच्या त्या नेटमध्ये उभा होता.

तो फलंदाज कप्तानच असेल का, असं मुलीने विचारलं. नवऱ्याला तसं असायला हवं होतं, त्याचे डोळेच सांगत होते. मलाही हवं होतं. पण कुणाला माहीत नव्हतं.

पुढचे पाच आठवडे तिने पुरावा शोधला. शिक्षिकेने सांगितलं होतं, आजोबांची मुलाखत हे साधन म्हणून चालेल, पण त्याला जोड शोध. लायब्ररीतल्या बाईंनी तिला जुन्या वर्तमानपत्रांचे ऑनलाइन संग्रह उघडून दिले. नागपूरच्या सामन्याचा धावफलक सापडला. एक ग्रुप फोटोही सापडला, खुर्च्यांवर साहेब, मागे क्लबचे सभासद, कोटातले सेक्रेटरी. फोटोच्या कडेला रोलरचा अर्धा भाग आला होता. माणूस नव्हता. मी हळहळले. मुलगी म्हणाली, नाही आई, हे चांगलं आहे, हेच सांगायचं.

जिल्ह्याची फेरी मार्चमधल्या एका शनिवारी, शेजारच्या गावातल्या हायस्कूलमध्ये होती. पालकांना मागच्या बाकांवर बसू देतात. परीक्षक तिघं होते, एक सूट घातलेले गृहस्थ आणि दोन बायका. मुलगी पांढरा शर्ट घालून आली. बूट मांडले, बॉल टाकले, फलंदाजाच्या छातीवर बसलेला मार दाखवताना स्वतः दुमडून खाली बसली. मग उठली, सगळे बूट बाजूला सारले आणि म्हणाली, आता एका नेटची गोष्ट. तिथे कुणी कुणाला दुखवायला बॉल टाकला नाही.

तिने पणजोबांचे तीन बॉल सांगितले. सेक्रेटरीचं वाक्य सांगितलं. ओंजळ करून पाणी दाखवलं. मग तो फोटो मोठा करून दाखवला आणि रोलरवर बोट ठेवलं. ती म्हणाली, ही गोष्ट खरी आहे याचा माझ्याकडे एवढाच कागद आहे, आणि माझ्या आजोबांचा शब्द. तो फलंदाज कप्तान होता का, मला माहीत नाही. तसं असतं तर माझी गोष्ट जास्त छान झाली असती, म्हणून मी ते म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात दोन देश भांडले तर तारा गेल्या, पुस्तकं लिहिली गेली. माझ्या पणजोबांची चढाओढ कुणाशी होती, तर ज्याने त्यांना नाव सांगू दिलं नाही त्याच्याशी. तिची कुठेच नोंद नाही.

प्रयोग संपला. प्रश्नोत्तरं सुरू झाली. दोन प्रश्न साधनांबद्दल आले, तिने नीट उत्तरं दिली. मग सूटवाल्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

तिने सांगितलं. आधी त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आमचं आडनाव, माझं माहेरचं, लग्नानंतरही मी ठेवलेलं, सगळं, ठळक, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. जे आडनाव मी वीस वर्षं इथे हळू आवाजात सांगत आले होते. गृहस्थांनी ते कसं लिहायचं विचारलं. तिने एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. माझ्या नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली.

ती पहिली आली. दुपारी व्यायामशाळेत नाव पुकारलं तेव्हा शिक्षिका आमच्याही आधी उभ्या राहिल्या.

संध्याकाळी वडिलांना प्रयोगाचा व्हिडिओ पाठवला. रविवारी त्यांचा फोन आला. तीनदा बघितला म्हणाले. छान बोलली, उभी छान राहिली. मग जरा घुटमळले. "एक चूक आहे," ते म्हणाले. "ती म्हणते तिन्ही वेळा दांडी उडाली. दोनदाच उडाली. तिसऱ्यांदा बॅटची कड लागली होती. तिला सांग, जास्त नको सांगू."

राज्याच्या फेरीत तिने ते दुरुस्त करून सांगितलं, की दोन बोल्ड, एक कड. तिथे ती दुसरी आली आणि पहिल्या दोघांत असल्यामुळे राष्ट्रीय फेरीला गेली. तिथे देशभरातली मुलं होती, त्यांच्यापुढे तिचा नंबर लागला नाही. त्याचं तिला एक दिवस वाईट वाटलं. पण त्याही हॉलमध्ये ते पूर्ण नाव एकदा घेतलं गेलं, आणि या वेळी ते कुणी विचारायच्या आधीच तिने प्रयोगात घातलं होतं.

वडिलांनी तो व्हिडिओ वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर पडद्यावर लावला. इंग्रजी सगळ्यांना कळावी म्हणून स्वतः शेजारी उभं राहून मराठीत सांगत गेले. संपल्यावर टाळ्या झाल्या, आणि मग मागच्या रांगेतले एक काका उठून म्हणाले, की त्यांचे वडील त्याच मैदानावर कुंपणापलीकडे गेलेले बॉल आणून द्यायचे, एकदा त्यांनी अख्खा दिवस झाडावर बसून सामना बघितला होता. दुसऱ्या एका मावशींच्या आजोबांनी म्हणे चामड्याचे बॉल शिवले होते. जेवायची वेळ टळून गेली तरी लोक उठेनात.

आता दर रविवारी वडील विहारात फोन टेबलाला टेकवून ठेवतात आणि एकेकाला समोर बसवून मुलाखत घेतात. प्रश्नांची यादी माझ्या मुलीने करून पाठवली आहे. पहिला प्रश्न पूर्ण नावाचा आहे. मी रविवारी फोन केला तर ते उचलत नाहीत, आणि नंतर कळवतात की कामात होतो.