बेण्याचं बॅरल

माझी चूक आधी सांगतो. सुमनआक्काचं बॅरल मी उलटं केलं. भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत. आत काय आहे ते न बघता. मी आरोग्यसेवक आहे. लोकांच्या साठवलेल्या पाण्यात बघायचा मला पगार मिळतो. आणि मी बघितलं नाही.

त्या दिवशी सकाळी काय झालं तेही सांगतो. त्यानं माझी चूक लहान होत नाही.

कोल्हापुरातल्या एका कॉलनीत माझी ड्युटी होती. पुढं बंगले, मागच्या भिंतीपलीकडं वस्ती. पावसाळ्यात आमचा सर्वे चालतो. दर आठवड्याला घरोघरी जायचं, पाण्यात टॉर्च मारायचा, डेंग्यूच्या डासाच्या अळ्या आहेत का बघायचं. असल्या तर पाणी ओतायला लावायचं, नाहीतर औषध टाकायचं. मग फाटकावर खडूनं तारीख आणि फॉर्मवर सही.

कोपऱ्यावरचा बंगला एका डॉक्टरांचा. दार त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, उघडलं. मी मागच्या व्हरांड्यात गेलो. तिथं पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता. झाकण काढून बघितलं. पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. झाकण परत ठेवलं. पलीकडं बागेत सिमेंटची मोठी कुंडी, कमळं लावलेली. टॉर्च मारला. पाणी नुसतं वळवळत होतं. तपासणीच्या लांब दांड्याच्या पांढऱ्या डावात थोडं पाणी घेतलं आणि बाईंसमोर धरलं.

"बाई, या डेंग्यूच्या अळ्या. कुंडी आजच रिकामी करायला लागेल."

बाई डावाकडं बघतच नव्हत्या. त्या हंड्याकडं बघत होत्या.

"झाकण तू काढलंस?"

"होय. तपासायला."

"आडनाव काय तुझं?"

मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. गळ्यात ओळखपत्र, त्यावर आडनाव छापलेलं. तरी त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं.

त्यांनी आत हाक मारली, "सुमन, हंडा ओत. चिंचेनं घास. दोनदा घास."

सुमनआक्का तिथं धुण्याभांड्याला होती. राहायला मागच्या वस्तीत. तिनं हंडा कलता केला. ते स्वच्छ पाणी माझ्या बुटांना लागून मोरीत गेलं. मी उभाच. ती घासत होती, मान खाली घालून. घासायला तिचा हात चालत होता. भरायला चालत नव्हता. भरायचं काम बाईंनी स्वतः केलं.

"आणि कुंडीचं काय?" मी विचारलं.

"त्यात साहेबांची कमळं आहेत. तिला हात लावायचा नाही. आणि इथून पुढं आत यायचं नाही. तपासलं म्हणून लिही आणि फाटकावरूनच जा. खडू लावू नकोस, रंग नवीन आहे."

अळ्या चालल्या. माझा हात चालला नाही.

मी फाटकाबाहेर आलो आणि फॉर्मवर लिहिलं, "तपासले. अळ्या नाहीत." खाली सही केली. माझा बाप गटारं उपसायचा. म्हणायचा, गळ्यात सरकारी पट्टा पडू दे, मग तुला कोण विचारत नाही. विचारलं, बाबा. आणि मी सही केली. त्या बाईंची किळस येते तशी त्या सहीचीही येते.

दुपारी वस्तीत गेलो. तिथं नळाला एक दिवसाआड पाणी. त्यामुळं दारोदार पिंपं, बॅरलं, घागरी. सुमनआक्का कामावरून येऊन दारात बसली होती. शेजारच्या दोघीतिघी होत्या. मला बघून ती उठली. हळूच म्हणाली, "दादा, सकाळचं मनावर घिऊ नगासा. तसलीच हाय ती बाई. या, च्या घ्या."

एवढंच. मायेनंच बोलली होती. पण तिनं ते बघितलं होतं, आणि आता शेजारणींनाही कळणार होतं. मला ते सोसलं नाही. सकाळी बाईंना मी एक शब्द बोललो नव्हतो. तो तोंडात तसाच आंबत होता. तो मी इथं ओकलो.

"च्या ऱ्हाऊ दे! हे काय इथं साठवून ठेवलंय? घाण करता तुम्ही लोक, आणि मग ताप आला म्हणून बोंबलता!"

तुम्ही लोक. हे माझे शब्द. अशाच वस्तीत वाढलेल्या माणसाचे.

दाराशी अर्धं कापलेलं निळं बॅरल होतं. तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलेलं. म्हणजे झाकलेलंच होतं. मी दोन्ही हातांनी कड धरली.

"आवं, थांबा की! मासं हाईत त्यात! मासं!"

मी उलटं केलं.

फडकं सुटलं. चिखलात बारीक बारीक मासे उडायला लागले. गप्पी मासे. अळ्या खाणारे. उन्हाळ्यात मीच ह्या गल्लीत बायकांची बैठक घेतली होती. मीच सांगितलं होतं, वापरायच्या पाण्यात हे मासे सोडा, औषधापेक्षा बरं. मीच पिशवीतून मूठभर मासे दिले होते. सुमनआक्कानं ते वाढवले. पिंपं घासताना मासे वाहून जात, मग बाया तिच्याकडून तांब्याभर मासे न्यायच्या. उसाला बेणं लागतं तसं, म्हणून त्या ह्याला बेण्याचं बॅरल म्हणायच्या. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी नंतर कधी विचारलंच नव्हतं.

समोरची म्हातारी म्हणाली, "ज्या मास्तरानं शिकवलं, त्योच शाळा मोडाय आला की गं!"

बायका गुडघ्यावर बसून तांब्यात मासे गोळा करत होत्या. बहुतेक मेले होते. मी निघून आलो. पुढच्या आठवड्यांत त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. बंगल्याच्या फाटकावर मात्र थांबत होतो. "तपासले." सही. "तपासले." सही.

मग ताप आला. आधी दोन घरांत, मग गल्लीभर. सुमनआक्काची नात चौथीत. तिला दवाखान्यात ठेवलं. रक्तातल्या पेशी उतरत चालल्या होत्या.

आमच्या आरोग्य केंद्रात बैठक लागली. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले डॉक्टर आले होते, कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष म्हणून. सुमनआक्का नातीजवळून तशीच उठून आली होती. तिला खुर्ची कोणी दिली नाही. ती दाराला टेकून उभी होती.

डॉक्टर आमच्या अधिकारी मॅडमना म्हणाले, "तुमचाच कागद बघा. माझ्या बंगल्यात अळ्या नाहीत. घाण भिंतीच्या पलीकडं आहे. ती सगळी बॅरलं उचलून न्या, म्हणजे प्रश्न मिटला."

"मग आम्ही पाणी कशात भरायचं, साहेब?" सुमनआक्कानं विचारलं.

त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती त्यांच्याच घरची भांडी घासत होती. माझ्याकडं हात करून ते म्हणाले, "ह्याला विचारा. ह्याचीच सही आहे."

मॅडमच्या हातात माझे फॉर्म होते. त्यांनी पेन उचललं. बॅरलं उचलायचा आदेश निघाला असता, तो माझ्या अक्षरावर.

मी उभा राहिलो.

"मॅडम, सही माझी आहे. पण मी तपासलेलं नाही. एकदाच आत गेलो. कमळाच्या कुंडीत अळ्या होत्या. हंड्याला माझा हात लागला म्हणून तो घासून घेतला, आणि मला आत यायची बंदी केली. मी खोटं लिहिलं. दर आठवड्याला लिहिलं."

डॉक्टर हसले. "कसली माणसं भरती करता हो तुम्ही!"

"आत्ता चला," मी म्हणालो. "डाव माझ्या पिशवीत आहे."

मॅडम उठल्या. आम्ही गेलो. मी फाटकातून आत गेलो, कोणाला न विचारता. कुंडीत डाव बुडवला. पांढऱ्या डावाचा तळ दिसेना, इतक्या अळ्या.

डॉक्टर म्हणाले, "पाणी बदलायचं राहून गेलं असेल."

राहून गेलं असेल. बस. त्यांना कोणी "तुम्ही लोक" म्हटलं नाही. कोणी आवाज चढवला नाही. कुंडी रिकामी झाली, बॅरलं उचलायचं थांबलं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती योग्यच होती.

बाहेर सुमनआक्का थांबली होती. मला वाटलं, ती बरं झालं म्हणेल. ती म्हणाली, "खरं बोललास. पर ते त्यांच्याम्होरं बोललास. माझं बॅरल कुणाम्होरं उलटं केलंतंस?"

दादा गेलं होतं. आवं-जावं गेलं होतं. तेही योग्यच होतं.

आठवड्याभरानं, पाण्याच्या दिवशी मी सकाळी नळावर गेलो. सगळी गल्ली घागरी लावून उभी होती. सुमनआक्काची नात घरी आली होती. दारात पोत्यावर बसली होती, भिंतीला टेकून, काडीसारखी. माझ्या हातात पाण्याची पिशवी, त्यात गप्पी मासे. मी ती पुढं केली.

"मासं खाली ठेव," सुमनआक्का म्हणाली. "आधी बोल."

मी सुरुवात केली.

"मोठ्यानं. नळाचा आवाज हाय."

मग मी मोठ्यानं बोललो.

"आक्का, तुमचं बॅरल मी न बघता उलटं केलं. बंगल्यात माझा अपमान झाला आणि राग मी तुमच्यावर काढला, कारण तुम्ही माझं काही करू शकणार नाही हे मला ठाऊक होतं. तुम्हाला 'तुम्ही लोक' म्हणालो. बंगल्याच्या कागदावर खोटी सही केली, आणि ताप तुमच्या नातीला आला. माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं, मला माफ करा. इथून पुढं त्या भिंतीपलीकडच्या प्रत्येक कुंडीत डाव बुडवल्याशिवाय ह्या गल्लीतल्या एकाही भांड्याला हात लावणार नाही. आणि तिथं मला अडवलं, तर फॉर्मवर तसंच लिहीन. आत येऊ दिलं नाही. आडनाव विचारलं."